दिवा हिरवा, बॅटरी रिकामी: रेडिओ केंद्राचा बॅकअप चार्जर समजून घेताना

काही वर्षांपूर्वीची ६ डिसेंबरची संध्याकाळ. मराठवाड्यातील एका समुदाय रेडिओ केंद्रावर महापरिनिर्वाण दिनाचा विशेष कार्यक्रम होता. वस्तीतील महिलांनी गायलेली अभिवादन गीते, शाळकरी मुलांचे वाचन आणि नामांतराच्या लढ्यात उतरलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या आठवणी असा तासाभराचा ऐवज आम्ही तीन आठवडे खपून तयार केला होता. सात वाजता प्रक्षेपण सुरू झाले. सव्वासातच्या सुमारास गावाची डीपी जळाली. अंधार झाला, पण ट्रान्समीटर चालू राहिला, कारण बॅटरीने भार घेतला होता. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलोसुद्धा. पुढे वीसच मिनिटांत ट्रान्समीटर बंद पडला. ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या आठवणी निम्म्याच हवेत गेल्या. वस्त्यांमध्ये लोक आपलाच रेडिओ बिघडला असे समजून त्याला थापट्या मारत बसले.

ती बॅटरी बारा तासांहून जास्त चालायला हवी होती. दिवसभर चार्जरचा हिरवा दिवाही लागलेला होता. मग झाले काय? हे शोधताना चार्जर नावाच्या दुर्लक्षित डब्याबद्दल आम्ही जे शिकलो ते इथे मांडत आहोत. आम्ही काही अभियंते नाही. मल्टिमीटर धरायला आम्ही त्या डिसेंबरनंतरच शिकलो.

धम्म आणि चळवळीच्या लेखांमध्ये बॅटरीचे काय काम, असे कोणी विचारेल. आकाशातील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तो देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ च्या धोरणाने बिगरसरकारी संस्थांना समुदाय रेडिओचा परवाना मिळू लागला आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी झहीराबादजवळच्या माचनूर गावात संघम रेडिओ सुरू झाला. तिथे कार्यक्रम आणि यंत्रे दोन्ही गावातल्या दलित स्त्रिया सांभाळतात. त्याच वर्षी आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली हे स्पष्ट केले. तेव्हा माईक सरकारचा होता. आज तो काही ठिकाणी आपल्या हातात आहे. पण वीज गेल्यावर तो माईक चालू ठेवणारी वस्तू आपल्या हातात आहे का, हा प्रश्न उरतोच.

आता मुद्द्याकडे. समुदाय रेडिओचा ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा असतो. तेवढी शक्ती अँटेनाकडे पाठवायला तो स्वतः शंभरेक वॅट वीज खातो. बाकीची उष्णता होऊन पंख्यातून बाहेर जाते. त्यात मिक्सर आणि इतर उपकरणे धरली तर दीडशे वॅटपर्यंत आकडा जातो. बऱ्याच लहान ट्रान्समीटरना भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेखेरीज २४ किंवा ४८ व्होल्ट डीसी थेट जोडण्याची सोय असते. म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरची गरज नाही. इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीची एसी करतो आणि ट्रान्समीटर आत त्याच एसीची पुन्हा डीसी करतो. या दोन उड्यांमध्ये वीज वाया जाते. शिवाय साध्या घरगुती इन्व्हर्टरला वीज गेल्याचे कळून बदली करायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात बल्ब नुसता मिचकतो, पण संगणक कधी कधी नव्याने सुरू होतो आणि चालू कार्यक्रम तुटतो.

आमच्या त्या केंद्रात इन्व्हर्टर नव्हता. तिथे चार्जर, बॅटरी आणि ट्रान्समीटर या तिन्ही गोष्टी एकाच दोन तारांवर समांतर जोडलेल्या होत्या. वीज असताना चार्जर ट्रान्समीटरला चालवतो आणि उरलेला प्रवाह बॅटरीत घालतो. वीज गेली की चार्जर गप्प होतो आणि त्याच तारांवर बसलेली बॅटरी त्याच क्षणी देऊ लागते. कोणतेही बटण नाही, रिले नाही, मध्ये खंड नाही. या पद्धतीला फ्लोट म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजेस वर्षानुवर्षे अशीच चालत आली आहेत.

यात चार्जरकडे एकाच वेळी तीन कामे असतात: ट्रान्समीटर चालवणे, रिकामी बॅटरी भरणे आणि भरलेली बॅटरी न बिघडवता भरलेली ठेवणे. तिसरे काम सर्वांत अवघड आहे आणि बाजारातले स्वस्त चार्जर तिथेच नापास होतात.

शिसे आणि आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा घरे, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्टचे. पूर्ण भरून काही तास नुसती ठेवलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी असेल तर १२.२, आणि ११.९ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी समजा. तिच्यात वीज ढकलायची तर बाहेरचे व्होल्टेज तिच्यापेक्षा जास्त हवे. चांगला चार्जर हे टप्प्याटप्प्याने करतो. आधी ठरावीक प्रवाह सोडतो, तेव्हा व्होल्टेज हळूहळू चढते. १४.४ च्या आसपास पोहोचले की तो व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि बॅटरी स्वतःच कमी कमी प्रवाह घेऊ लागते. प्रवाह पुरेसा घटला की चार्जर १३.५ ते १३.८ वर उतरतो आणि तिथे महिनोनमहिने थांबतो. हा शेवटचा टप्पा म्हणजे फ्लोट.

१४.४ वरच का ठेवू नये? कारण भरलेल्या बॅटरीत ढकललेली जास्तीची वीज पाण्याचे विघटन करते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बुडबुड्यांनी निघून जातात, पाणी आटते, आतली जाळी झिजते. मग १३ वर का ठेवू नये? कारण तेवढ्यात बॅटरी पूर्ण भरत नाही. तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट शिल्लक राहते. ताजे असताना ते मऊ असते आणि चार्जिंगमध्ये परत विरघळते. आठवडे, महिने तसेच राहिले तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

आमच्या बॅटरीचे असेच झाले होते. केंद्रावर १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केले होते. चार्जर होता जुन्या ट्रान्सफॉर्मर पद्धतीचा, जास्तीत जास्त १० अँपिअर देणारा. सुरुवातीला भार ६ अँपिअरचा होता, म्हणजे बॅटरीसाठी ४ उरत. रात्री ध्वनिमुद्रित गाणी चालत, त्यामुळे यंत्रे चोवीस तास सुरू. उन्हाळ्यात दिवसाचे आठ तास वीज गेली की ४८ अँपिअर-तास खर्च होत. शिशाची बॅटरी खर्च झाल्यापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त परत मागते, म्हणजे ५५ ते ५८. चार अँपिअरने ते भरायला चौदा तास. उरलेल्या सोळा तासांत कसेबसे बसत होते.

मग कोणीतरी त्याच तारांवर छोटा संगणक आणि एक डीसी पंखा जोडला. भार झाला ८ अँपिअर. आता आठ तासांत ६४ खर्च आणि सुमारे ७५ भरायचे, पण बॅटरीसाठी उरले फक्त २ अँपिअर. म्हणजे सदतीस तास लागणार, आणि हाताशी सोळा. रोज बॅटरी आदल्या दिवसापेक्षा थोडी अधिक उपाशी. पंख्याने बॅटरी मारली असे आम्ही गमतीने म्हणतो, पण पंखा जोडणाऱ्याचा दोष नाही. उकाड्यात बसून निवेदन करायचे ते त्याला. जोडण्याआधी वजाबाकी कोणी केली नाही, आणि आम्हीही त्या खोलीत रोज बसत होतो.

पुढे पावसाळा आला, लोडशेडिंग घटले आणि चार्जरवर हिरवा दिवा लागू लागला. आम्हाला वाटले, झाले सगळे ठीक. खरी मेख इथेच आहे. त्या चार्जरचा दिवा फक्त व्होल्टेज पाहून लागतो. तारांवर २७.६ व्होल्ट झाले की हिरवा. एखाद्या हौदात निम्म्यापर्यंत गाळ साचला तर काय होईल? दोन घागरी ओतल्या की पाणी काठाला येईल. काठ पाहणाऱ्याला हौद भरलेलाच दिसेल. गाळ किती, हे काठावरून कळत नाही. स्फटिक झालेल्या बॅटरीचे अगदी तसेच होते. तिची साठवण घटते, आतला विरोध वाढतो, म्हणून थोड्या विजेतच तिचे व्होल्टेज झटकन वर जाते. चार्जर समाधानी होतो. जितकी बॅटरी खराब, तितका हिरवा दिवा लवकर. हे वाक्य आम्ही केंद्रावर पाटीला लिहून ठेवले आहे.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. नोव्हेंबरमध्ये एका आजींचा फोन आला होता की तुमच्या रेडिओत भुंगा शिरलाय. आम्ही त्यांनाच एरियल नीट करायला सांगितले. भुंगा खरा होता. ट्रान्सफॉर्मर पद्धतीच्या चार्जरमधून बाहेर पडणारी डीसी सपाट नसते. ५० हर्ट्झच्या विजेपासून सेकंदाला १०० लाटा तिच्यात उरतात. धडधाकट बॅटरी या लाटा शोषून घेते. मरणपंथाला लागलेली बॅटरी शोषत नाही, मग ती भुणभुण थेट आवाजात मिसळते. चार्जर चालू असताना भुणभुण आणि वीज गेल्यावर आवाज एकदम स्वच्छ, असे झाले तर आधी बॅटरीच्या जोडण्या पाहाव्यात आणि मग बॅटरीच. आजींनी आमच्या आधी निदान केले होते.

चार्जर निवडताना आणखी एक चूक सर्रास होते. गॅरेजमधला किंवा दुकानातला ‘स्मार्ट’ चार्जर आणून लावतात. असे चार्जर बॅटरी एकटी जोडलेली आहे असे धरून चालतात आणि प्रवाह घटण्याची वाट पाहतात. समांतर तारांवर ट्रान्समीटर सतत ६ अँपिअर ओढत असेल तर चार्जरला वाटते, बॅटरीच अजून भुकेली आहे. तो फ्लोटवर उतरतच नाही. बॅटरी दिवसरात्र वरच्या व्होल्टेजवर उकळत राहते. म्हणून ट्रान्समीटरसोबत लावायचा चार्जर एक तर बॅटरीत जाणारा प्रवाह वेगळा मोजणारा हवा, नाही तर साधा, कायम १३.६-१३.८ व्होल्टवर, म्हणजे २४ व्होल्टच्या जोडीसाठी सुमारे २७.४ वर स्थिर राहणारा. दुसरा प्रकार सावकाश भरतो, पण घात करत नाही. वायरलेस संचांवर १३.८ व्होल्ट लिहिलेले असते ते उगाच नाही. गाडी चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण तेवढेच व्होल्टेज असते आणि ते संच त्यासाठीच बनवलेले असतात. आणि चार्जरचे माप बॅटरी पाहून ठरत नाही. भार अधिक बॅटरीच्या क्षमतेचा दहावा भाग, अशी बेरीज करायची. ८ अधिक १०, म्हणजे निदान १८ अँपिअर. आमचा होता १०.

वीज गेल्यावर काय होते तेही पाहू. बॅटरी अगदी तळापर्यंत निचरली तर ती लवकर मरते. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीला साडेदहा-पावणेअकराच्या आसपास भार तोडणारा कट-ऑफ असतो. आम्ही तो ११.५ वर ठेवतो. काही वेळ कमी मिळतो, पण बॅटरी काही वर्षे जास्त जगते. भार तुटला की बॅटरीचे व्होल्टेज आपोआप थोडे वर येते. कट-ऑफ भोळा असेल तर त्याला वाटते वीज आली, तो पुन्हा जोडतो, व्होल्टेज पडते, पुन्हा तोडतो. ट्रान्समीटर मिनिटभर लुकलुकत राहतो. म्हणून तोडण्याची आणि परत जोडण्याची पातळी वेगळी हवी. एक ११.५ तर दुसरी १२.५ च्या पुढे.

पत्र्याच्या खोलीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आपली बहुतेक केंद्रे, अभ्यासिका आणि कार्यालये पत्र्याखालीच असतात. वर दिलेले सगळे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. तापमान वाढले की त्याच व्होल्टेजला बॅटरी जास्त प्रवाह पिते. म्हणून दर अंशाला दर घरामागे साधारण ३ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. मे महिन्यात खोली ४० अंशावर गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीमागे पाव व्होल्टहून थोडे जास्त उतरवायला हवे. चांगल्या चार्जरसोबत यासाठी एक बारीक संवेदक तार येते, तिचे टोक बॅटरीला चिकटवायचे असते. आम्ही पाहिलेल्या एका केंद्रात ती तार पिशवीतच गुंडाळलेली सापडली. एवढे करूनही, तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशोब आहे. पैसे थोडे असतील तर महागड्या बॅटरीआधी पत्र्यावर चुना मारा आणि बॅटरी उत्तरेकडच्या भिंतीला ठेवा.

दोन बॅटऱ्या एकापुढे एक असतील तर चार्जरला फक्त बेरीज दिसते. एकीवर १४.८ आणि दुसरीवर १२.६ असले तरी बेरीज २७.४ येते आणि दिवा हिरवा. एक उकळतेय, दुसरी उपाशी. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या आणि जुनी-नवी जोडी कधीही लावायची नाही. ६ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोजले तेव्हा एक बॅटरी बरी होती. दुसरीने सगळा घात केला होता.

खरी परीक्षा एकच: दर तीन महिन्यांनी, कार्यक्रम महत्त्वाचा नसलेल्या वेळी, चार्जरचा खटका बंद करायचा आणि ट्रान्समीटर बॅटरीवर चालू द्यायचा. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वहीत लिहायचे. कोणतीही एक ११.५ ला आली की थांबायचे. किती वेळ चालली तेवढीच तिची खरी क्षमता, बाहेरच्या लेबलवर काहीही छापलेले असो. पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घर तपासता येते. सीलबंद बॅटरीत ते जमत नाही, तिथे वहीच खरी. लिथियमच्या बॅटऱ्या आता स्वस्त होत आहेत, पण त्यांचा चार्जर वेगळाच लागतो. शिशाचा चार्जर त्यांना लावू नये.

जिवाची काळजी आधी. भरताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीला वरच्या बाजूला झरोका हवा आणि तिथे विडी-सिगारेट, अगरबत्ती नको. विहारात बॅटरी ठेवली असेल तर मेणबत्त्यांपासून दूर ठेवा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. पाना दोन टोकांवर आडवा पडला तर तो लाल होऊन वितळतो, म्हणून अंगठी-कडे काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. पातळी कमी झाली तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, आम्ल कधीच नाही. तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरते आधी घाला.

एक गोष्ट आम्हाला खटकत राहते. फिरलेल्या अनेक ठिकाणी माईकसमोर कोण बसणार यावर भरपूर चर्चा होते आणि बॅटरीत पाणी कोण घालणार यावर होत नाही, कारण ते ठरलेलेच असते. वस्तीतला एखादा आयटीआय झालेला, मान खाली घालून काम करणारा मुलगा. त्याचे नाव कार्यक्रमाच्या शेवटी येत नाही, त्याचे मानधन शेवटी निघते. चार्जर बदलण्याची त्याची मागणी बैठकीच्या इतिवृत्तात शिरत नाही. ज्ञान आणि हाताचे काम यांची फारकत करणाऱ्या व्यवस्थेवर आपण भाषणे देतो आणि आपल्याच केंद्रात ती फारकत रोज पाळतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि वीज हा विषयही त्याच खात्यात होता. देशाच्या वीज नियोजनाच्या तांत्रिक मंडळाची उभारणी त्यांनी केली. वीज हा त्यांना खालच्या प्रतीचा विषय वाटला नव्हता.

त्या केंद्रात आता नियम आहे की निवेदन करणाऱ्या प्रत्येकाला, मुलगी असो वा मुलगा, महिन्यातून एकदा वही भरावी लागते. सुरुवातीला कुरकुर झाली. एका निवेदिकेने दुसऱ्याच महिन्यात दोन बॅटऱ्यांमधला ०.४ व्होल्टचा फरक पकडला आणि सैल झालेला नट आवळून तो मिटवला. २० अँपिअरचा चार्जर लोकवर्गणीतून आला. पंखा वेगळ्या तारेवर गेला. मागच्या चाचणीत नव्या बॅटऱ्या ८ अँपिअरच्या भारावर साडेआठ तास चालल्या, आणि थांबवले तेव्हा दोन्हींवर ११.९ होते. पुढची चाचणी १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी आहे. ज्या मित्रांना स्वतः मोजून पाहायचे असेल त्यांनी मल्टिमीटर घेऊन सकाळी सातला यावे.